बिननावाचा पुर्जा

बसवंतअप्पा मिस्त्री पुर्जा हातात आला की आधी कानाशी धरत. पान्याने हलकेच ठोकत, ऐकत आणि मग नाव सांगत. "ह्ये डायनामोचं. ह्ये गिअरचं हाय, पण दुसऱ्याच गाडीचं." नाव कळल्याशिवाय पुर्जा बसवायचा नाही, असा त्यांचा नियम. उदगीरच्या त्यांच्या गॅरेजात बिननावाचे पुर्जे तेलकट फडक्यात बांधून खुंटीला टांगलेले असत. म्हणत, "बिननावाचं लोखंड घातलं की गाडी आपली ऱ्हात न्हाई."

मला असल्या बोलण्याची चीड होती. मी बावीस वर्षांचा, पत्रकं लिहिणारा. लातूर नवा जिल्हा झाला होता, नव्या कचेरीला रंग लागला होता, आणि आमच्या बौद्ध वस्तीला टँकर नव्हता. साहेब म्हणत, फाइल अजून जुन्या जिल्ह्यातून आली नाही. फाइल प्यायची का? शेवटी वस्तीने भंगारातून एक पिकअप ओढत आणला. बहात्तरच्या दुष्काळात तो पाणी वाहायचा, एवढंच भंगारवाल्याला ठाऊक होतं.

अप्पांनी महिनाभर खपून गाडी उभी केली, टाकी चढवली. एकच पुर्जा उरला. हातभर वाकडी नळी, तिला झडप, आणि पायाने दाबायची पट्टी. हा मात्र अप्पांनी कानाशी धरलाच नाही. अंगणात पालथा घालून ठेवला. भर दुपारी कुणाच्या तरी शेळ्या येत आणि त्या नळीचं कोरडं तोंड चाटत बसत. बाजूला एवढं भंगार पडलेलं, त्याला तोंड लावत नसत. एकदा मी हात लावून पाहिला. सकाळपासून उन्हात पडलेलं ते लोखंड गार होतं.

मी नाव विचारलं. अप्पा म्हणाले, न्हाई. माहीत नाही, की सांगायचं नाही? ते नुसते हात पुसत राहिले.

मी भडकलो. वस्तीच्या घशाला कोरड आणि मिस्त्रींचं सोवळं सुटेना. गाडीतून निघालं ते सगळं गाडीत बसवा, असं मी सुनावलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बसवलं. ही चूक माझी.

पहिली खेप अप्पांनीच नेली, मी शेजारी बसलो. बाभळीच्या वळणावर, बहात्तरात पाणीवाटपाचा ठेका घेतलेल्या ठेकेदाराच्या मळ्याशी, गाडी थांबली. मला वाटलं इंजिन तापलं. मग दिसलं, अप्पांचा डावा पाय क्लचवरून निघून त्या पट्टीवर गेला होता. डोळे उघडे, चेहरा झोपेतल्यासारखा. हाक मारली, ओ नाही. मागून पाण्याचा आवाज येत राहिला. मी समजलो टाकी हिंदकळतेय. मग पाय उचलला, आवाज थांबला, गाडी चालू लागली.

वस्तीत घागरींची रांग लागली होती. कमळाकाकूचं तान्हं बहात्तरात गेलं होतं. तिने टाकीत काठी बुडवली. काठी अर्धीच ओली निघाली. ती म्हणाली, "तवाबी एवढीच भिजायची."

अप्पा खाली मातीत बसले.

"चोरझडप म्हणतात तिला. मीच बनविली, मीच चालवायचो. तुमचं पाणी मळ्यात सोडायचं. आज मी न्हाई दाबली, काकू. पायाला आठवलं."

मग काकूने घागर पुढे केली. "रड मागून. आधी हाय त्ये पाणी उतरव."

त्याच दिवशी अप्पांनी झडप कापून नळीचं तोंड डाग देऊन बंद केलं. मी पत्रक लिहिलं. वर ठेकेदाराचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली, त्याच्या सांगण्यावरून मिस्त्रींनी झडप बसवली, असं. छापण्याआधी कागद अप्पांना दाखवला. 'सांगण्यावरून' या शब्दावर त्यांनी तेलाचा अंगठा घासला, अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत.

"ह्ये काढ. त्यानं जोर न्हवता केला. इचारलं, अन् मी हाव म्हणलो."

तसंच छापलं. बाजारात ते पत्रक अप्पांनी स्वतः वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. ठेकेदार हार घेऊन आला होता. त्याने आजवर काही कबूल केलेलं नाही.

नव्या कचेरीतले साहेब, काही विचारलं की, मला अजून ऐकवतात, वरून तसं सांगितलं होतं. मी विचारतो, हाव कुणी म्हटलं?