पुठ्ठ्याखालची खेळी

पुठ्ठेकाकूंकडे बुद्धिबळ शिकायला जायचं, तर बुद्धिबळ खेळायचं नाही, ही पहिली अट. वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीतली प्रत्येक आई हे ऐकून चाट पडायची. "मग पोर शिकणार काय, काकू?" असं कुणी विचारलंच, तर काकू शांतपणे सांगायच्या, "बघायला शिकेल. सोंगट्या काय, माकडही हलवतं."

त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते पोस्टमनशिवाय कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. नाव पडलं ते पुठ्ठ्यावरून. साडीच्या खोक्याचा, एका कडेला सोनेरी पट्टी असलेला, वापरून वापरून कोपरे मऊ झालेला पुठ्ठा. पुस्तकात छापलेला एखाद्या जुन्या मास्टरचा डाव उघडायचा, त्यावर पुठ्ठा झाकायचा आणि एकेक ओळ खाली सरकवत तेवढ्याच खेळ्या पटावर मांडायच्या. मध्येच पुठ्ठा थांबायचा. "बोला, आता हा गृहस्थ काय खेळला असेल?" उत्तर बरोबर आलं तर शेजारच्या वाटीतला एक फुटाणा आपला. चुकलं की तो फुटाणा काकू स्वतःच्या तोंडात टाकायच्या आणि कुडुमकुडुम चावत आपल्याकडे बघत राहायच्या. माझे सुरुवातीचे कित्येक महिने त्या आवाजात गेले. फुटाण्याची चव कशी असते ते विसरायची वेळ आली होती!

बरं, नुसती खेळी बरोबर येऊन भागायचं नाही. "का?" हा प्रश्न मागे असायचाच. मी एकदा ठोकून दिलं, "वजीर पुढे." पुठ्ठा सरकला, खरोखरच वजीर पुढे! मी हात वाटीत घातला, तर काकूंनी मनगट धरलं. "कारण सांग." "असंच वाटलं," मी म्हणाले. "मग हा फुटाणा नाही, हा तुला मटका लागलाय," असं म्हणून त्यांनी तोही खाल्ला. इतका राग आला होता मला! घरी येऊन आईजवळ तणतणले, "त्या बाईला फुटाणेच खायचेत, शिकवायचं नाहीये." आई म्हणाली, "तुझं तोंड आवर आणि उद्या कारण घेऊन जा."

तोंडाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. मी भयंकर तोंडाळ होते, अजूनही आहे. काकू सगळ्यांना टोपणनावं ठेवायच्या, अगदी मास्टर लोकांनाही. ती परदेशी नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती की मुद्दाम बसू देत नव्हत्या, कुणास ठाऊक. एक होते 'दाढीवाले आजोबा'. एक 'भांडकुदळ', जो तिसऱ्या-चौथ्या खेळीपासून समोरच्याच्या अंगावर जायचा. एक 'चेंगट', जो एका प्याद्याचा फायदा दळण दळल्यासारखा शेवटपर्यंत दळत बसायचा. "आज आपल्याला चेंगटाकडे जायचंय," असं त्या म्हणाल्या की आम्ही पोरं कपाळाला हात लावायचो. आणि मी आले की, "ये, तोंडाळ, बस."

बसायचं म्हणजे दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचं. कोडी सोडवताना हा नियम फार कडक होता. चपलांच्या कपाटावर त्यांचा दुसरा पट कायम मांडलेला असायचा, त्यावर रोज एक नवं कोडं. येणाऱ्याने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की आधी ते सोडवायचं, तेही सोंगटीला बोट न लावता. "हात पुढे आला की डोकं मागे राहतं," हे त्यांचं वाक्य. दूधवाला, इस्त्रीवाला, कुणीही पटाजवळ रेंगाळला की त्यालाही त्या हात मागे घ्यायला लावायच्या. तेव्हा मोबाईलवर झटपट डाव खेळायचं वेड नुकतंच आलं होतं. मी आजूबाजूच्या सगळ्यांना हरवते म्हणून मिरवायला गेले, तर म्हणाल्या, "वडापाव आहे तो. भूक भागते, अंगी लागत नाही."

त्या शिकल्या कशा, हे त्यांनी एकदाच सांगितलं. कोकणातल्या गावी त्यांचे वडील दूरच्या एका मित्राशी पोस्टकार्डावरून डाव खेळायचे. एका कार्डावर एक खेळी. कार्ड यायला आठवडा लागायचा, आणि तोवर ही परकरातली मुलगी पटासमोर बसून पुढच्या कार्डात काय लिहिलेलं असेल ते ओळखायची. पुढे पुढे पोस्टमन फाटकात दिसला की वडील आधी हिलाच विचारायचे. "मग तुम्ही स्पर्धा का नाही खेळलात?" मी विचारलं. काकूंनी वाटीतले फुटाणे उगाच सारखे केले. "मुलगी एकटी कुठे जाणार, म्हणाले. मला कुणी खेळायला पाठवलं नाही ना, म्हणून मी या सगळ्यांनाच घरी बोलावलं," असं म्हणून त्यांनी पुस्तकांच्या फळीकडे हात केला.

आठवीत मी डोंबिवलीला जिल्ह्याच्या निवड स्पर्धेला गेले, आणि तिथे मी जो पराक्रम केला तो फक्त काकूंच्या शिष्याच्याच हातून होऊ शकतो. डाव रंगात आला आणि बघते तर काय, समोर थेट भांडकुदळाचा डाव! आम्ही पुठ्ठ्याखाली घासून घासून केलेला. त्यात तो राजासमोरच्या प्याद्यावर उंट देऊन टाकतो, मग घोडा झेपावतो, मागून वजीर येतो आणि खेळ खलास. मला तर उकळ्याच फुटल्या. धाडकन उंट दिला, घोडा पुढे टाकला, आणि समोरच्या मुलीने तो घोडा आरामात खाल्ला. भांडकुदळाच्या डावात त्या घोड्याच्या पाठीशी कडेचं प्यादं दोन घरं पुढे उभं होतं. माझं एकच घर पुढे होतं. घोड्याला आधारच नव्हता. मी डाव हरले, पाठोपाठ निवडही गेली.

काकू ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसतं विचारलं, "तू पट बघत होतीस की पुस्तक?" मग स्वतःच म्हणाल्या, "मास्टर तुला खेळी देत नाही गं, नजर देतो. खेळी त्याच्या पटापुरती असते." त्या दिवशी त्यांनी चुकल्याचा फुटाणाही खाल्ला नाही, तेच मला जास्त लागलं.

घरी मात्र बाबांनी निकाल देऊन टाकला. बुद्धिबळ बंद. आमच्या घरात पहिल्यांदा कुणी इंजिनीअर होणार तर ती मीच, हे ठरलेलं होतं आणि दहावी तोंडावर होती. मी रडून गोंधळ घातला, जेवले नाही, पण बाबा ढिम्म. दोन दिवसांनी काकू स्वतः आमच्याकडे आल्या. कुणाच्याही घरी न जाणारी बाई! बाबा गडबडून उठले.

"काकू, राग मानू नका. दहावी म्हणजे शेवटी... आणि मुलीची जात, इकडे तिकडे स्पर्धांना कोण घेऊन फिरणार?"

"मी फिरेन. नववीचं वर्ष मला द्या. जिल्ह्याच्या संघात आली नाही, तर मी स्वतः येऊन पट घेऊन जाईन. तुमच्या घरात पुन्हा प्यादंसुद्धा दिसणार नाही."

बाबा नकाराची मान हलवू लागले. तेव्हा काकू आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला कुणी पाठवलं नव्हतं, भाऊ. हिला पाठवा." बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "एकच वर्ष," ते म्हणाले.

ते वर्ष मी कशी जगले म्हणून सांगू! शाळा, अभ्यास आणि काकूंचा पुठ्ठा. आता त्यांनी नवीनच टूम काढली होती. मास्टरचा डाव मांडायचा आणि मध्येच त्यातलं एखादं प्यादं गुपचूप एक घर सरकवून ठेवायचं. मग विचारायचं, "आता तीच खेळी चालेल का?" कधी चालायची, कधी सगळा डाव कोसळायचा. आधी मी वैतागायचे, नंतर मला त्याचं व्यसनच लागलं. शाळेत फळ्याकडे बघताना डोक्यात प्यादी सरकत असायची. परीक्षेत गणिताला मार्क वाढले, म्हणून बाबा थोडे नरम झाले. काकू मात्र "त्यात माझा काय संबंध," असं म्हणून मोकळ्या झाल्या.

निवड स्पर्धा त्या वर्षी कल्याणला होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. काकू सोबत आल्या, पण आत यायला तयार नाहीत. पालकांच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. शेवटच्या फेरीत जिंकले तर संघात, नाहीतर घरी पट न्यायला काकू, हे मला आणि त्यांना दोघींनाही ठाऊक होतं. जाताना म्हणाल्या, "हात मांडीखाली." बस, एवढंच.

मी जिंकले. बाहेर आले ती धावतच. "काकू, आले मी संघात!" त्या उठल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "डावाचा कागद दे." दुसरी कुणी असती तर मिठी मारली असती, पण आमच्या काकू त्या. मी खेळ्या लिहिलेला तो कागद छातीशी धरला. "अंहं. घरी. पुठ्ठ्याखाली."

वर्तकनगरला पोचल्यावर मी फुटाण्यांची वाटी काढली. माझ्या कागदावर पुठ्ठा ठेवला, आणि जन्मात पहिल्यांदा पुठ्ठा माझ्या हातात आणि काकू समोर. त्यांनी हात मांडीखाली घेतले. मी ओळी सरकवत गेले आणि त्या भराभर ओळखत गेल्या, कारणांसकट, फुटाण्यावर फुटाणा. मग मी पुठ्ठा थांबवला. "बोला, आता ही बया काय खेळली असेल?"

पटावर भांडकुदळाचा डाव उभा होता. काकूंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी आधी कडेचं प्यादं बघितलं, माझं मागच्या वर्षीचं जखमेचं प्यादं. ते दोन घरं पुढे होतं, अगदी हवं तिथे. "आहे, आधार आहे," त्या पुटपुटल्या, आणि खात्रीने म्हणाल्या, "उंट दे. देऊनच टाक."

मी पुठ्ठा सरकवला. उंट नव्हता. दुसराच घोडा होता, कडेजवळच्या एका साध्या घरात आणलेला.

काकू पटावर वाकल्या. खूप वेळ वाकून राहिल्या. मी बोट लावलं नाही, नुसतं म्हटलं, "समोरच्याचं मधलं प्यादं बघा." भांडकुदळाच्या डावात तिथे एक प्यादं होतं आणि त्याच्यामागे काळ्याचा उंट कोंडलेला होता. माझ्या डावात ते प्यादं कधीच मारामारीत गेलं होतं. मी उंट दिला असता तर काळ्याचा उंट त्या मोकळ्या वाटेने येऊन नेमक्या वेळी आडवा उभा राहिला असता. म्हणून आधी घोडा आणला, त्या घरावर पहाऱ्याला. उंट दिला तो पुढच्या खेळीला.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "मी तुझं प्यादं बघत बसले." आणि हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी आख्खी वाटी माझ्याकडे सरकवली. मी एक फुटाणा उचलला, त्यांच्याकडे बघत कुडुमकुडुम चावला.

पुढे मी इंजिनीअर झाले, बुद्धिबळही सुटलं नाही. कॉलनी नव्याने बांधायला निघाली तेव्हा काकू टिटवाळ्याला बहिणीकडे गेल्या. "लोक इथे नवस फेडायला येतात, मी राहायलाच आले," असं फोनवर म्हणायच्या. तिथेही पोरं जमवली असणार, याची मला खात्री होती. गेल्या वर्षी त्या गेल्या. शेवटची भेट राहून गेली.

परवा टिटवाळ्यातल्या एका सोसायटीने मुलांच्या स्पर्धेची बक्षिसं द्यायला मला बोलावलं. पहिल्या आलेल्या मुलीला मी कप दिला, तर ती हात धरून उभीच. माझं नाव पुन्हा विचारलं, आणि डोळे मोठे करून म्हणाली, "म्हणजे तोंडाळ तुम्हीच?"

"काय?"

"आम्ही दाढीवाल्या आजोबांचे, चेंगटाचे, भांडकुदळाचे सगळे डाव केलेत. तोंडाळचा एकच होता, वर तुमचं नाव लिहिलेल्या कागदावरचा, पण तो सगळ्यात अवघड. घोड्याच्या त्या खेळीला माझा फुटाणा गेला."

मी तिचा हात सोडला नाही. कशीबशी म्हणाले, "अगं, तिथे काकूंचाही गेला होता."

"माहितेय," ती म्हणाली. "त्या तो डाव मांडायच्या आधीच सगळ्यांना सांगायच्या."