आधार नाना आणि आईच्या माहेराचा रकाना

आधार बागुल यांना आपल्या नावाचा त्रास उतारवयात सुरू झाला. एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होते, तेव्हा त्या नावाला कोणी हसलं नव्हतं. निवृत्तीनंतर वंशवेल मंडळाचे फॉर्म घेऊन ते दारोदार जाऊ लागले, आणि दारात उभं राहून "जयभीम, मी आधार" म्हटलं की आतून बाई कार्ड घेऊन बाहेर यायची. पहिले काही महिने तेही हसले. मग "नाना म्हणा नुसतं," असं सांगायला लागले.

मंडळ धुळ्याच्या विहारात स्थापन झालं. बँकेतून निवृत्त झालेले बन्सीलाल साहेब अध्यक्ष. जिल्ह्यातल्या समाजाच्या प्रत्येक घराची पाच पिढ्यांची वंशावळ लिहायची आणि तिचं पुस्तक काढायचं, असं ठरलं. पहिल्या सभेला एकेचाळीस कार्यकर्ते होते. मग कोणाच्या मुलीचं लग्न निघालं, कोणाची बदली झाली, कोणाचा मणका सरकला, कोणी फोन उचलणंच बंद केलं. तिसऱ्या वर्षी दोघे उरले. प्रशील नावाचा कॉलेजातला मास्तर फॉर्म संगणकावर चढवायचा. फिरणारे एकटे नाना. "तुम्हाला सगळे रस्ते ठाऊक, नाना," असं साहेब म्हणत. ही स्तुती होती की गळ्यात घातलेलं काम, ते नानांना शेवटपर्यंत कळलं नाही. नाही म्हणायचं राहून गेलं, एवढं खरं.

कामही असं की संपायचं नाव नाही. आजोबांच्या वडिलांचं नाव विचारलं की माणसं पत्र्याकडे बघत बसायची. कोणी म्हणायचं, परवा या, थोरला भाऊ सुरतहून येणार आहे. परवा गेलं तर थोरला भाऊ परत गेलेला. कोणाला वाटायचं नाना योजनेचा फॉर्म आणताहेत; तसं नाही म्हटल्यावर चहाही यायचा नाही. गुडघे दुखायचे. ज्या गाडीत उभं राहून जन्म काढला, त्या गाडीत आता बसायला जागा मिळाली नाही की नाना पुढच्या गाडीची वाट बघायचे.

साक्रीच्या पुढे एका गावात बेबाबाई भेटली. साठी उलटलेली, कांदे निंदून नुकतीच आलेली, हाताची माती तशीच. नाना एकेक रकाना वाचत गेले आणि ती सांगत गेली. आईचं नाव गंगूबाई. आईचं माहेर? बाईला सांगता येईना. नानांनी सवयीनं तिथं आडवी रेघ मारायला पेन टेकवलं, तर तिनं कागदावरच हात ठेवला. मातीचा ठसा उमटला.

"नाना, ते कोरं नका ठेवू," ती म्हणाली. "माले माहीत नही, पन गाव तं व्हईच ना कोठे तरी?"

ती दीड वर्षाची असताना आई गेली. बापानं दुसरं लग्न केलं, आणि पहिलीचं नाव त्या घरात निघेनासं झालं. बाप मरायच्या आधी एवढंच बोलला होता, की बेबाबाईचा मामा कौतिक तापीच्या वाळूतली डांगरं, म्हणजे खरबुजं, घेऊन एकदा आला होता. दुसऱ्यांदा आला नाही.

"बघतो," नाना म्हणाले. हा शब्द त्यांनी त्या वर्षात शंभरदा उच्चारला असेल. पण परतीच्या गाडीत त्यांना तो हात आठवत राहिला.

घरी त्यांनी फॉर्मांचे गठ्ठे सोडले. बहिणींची नावं असती तर काम सोपं होतं, पण मंडळाच्या फॉर्मात बहिणींसाठी एकच ओळ होती: विवाहित बहिणींची संख्या. नुसता आकडा. हा फॉर्म सभेत मंजूर झाला तेव्हा नानांनीही हात वर केला होता. मग कौतिक शोधले. तापीकाठी तीन निघाले, तिघेही मयत. पहिल्या दोन घरी जाऊन आले, उपयोग झाला नाही. तिसरा शिंदखेडा तालुक्यातल्या पिंपळटेकचा. त्यासाठी ते एका बुधवारी निघाले, उन्हात फाट्यापासून चालत गेले.

घरी कौतिकचा मुलगा अभिमन होता. पन्नाशीचा, शेतीत राबणारा माणूस. त्यानं पाणी दिलं, ओट्यावर बसवलं आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"गंगूबाई? आमच्यात अशी कोणी नव्हती," तो म्हणाला. "मला दोन आत्या. एक दोंडाईच्याला दिली होती, एक लवकर वारली."

"लवकर वारली ती कुठं दिली होती?"

अभिमनचा चेहरा बदलला. "इतक्या वर्षांनी हे कोण विचारतंय, ते सांगा आधी. सातबाऱ्यावर नाव लावायचंय का कोणाला?"

नाना म्हणाले की पुस्तक आहे, फक्त पुस्तक. पण असल्या वाक्यावर आजकाल कोणी विश्वास ठेवत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते उठायच्या बेतात होते, तेवढ्यात आतल्या खाटेवरून आवाज आला. अभिमनची आई, भिकुबाई. नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी अधू.

"गंगू कोन? ती आम्हनी झुंबर. साक्रीकडे दियेल व्हती. सासरले नाव बदली टाकं."

नाना तसेच बसून राहिले. लग्नात सुनेचं नाव बदलतात हे काय त्यांना माहीत नव्हतं? त्यांच्या स्वतःच्या आईची दोन नावं होती. तीन वर्षं, बाराशे घरं, आणि एकदाही त्यांनी हे विचारलं नव्हतं. मागच्या कितीतरी घरांत अशाच रेघा मारून आपण उठून आलो असू, या विचारानं त्यांना आणखीच थकल्यासारखं झालं.

अभिमननं मात्र सही दिली नाही. ज्या घरचं नाव, त्या घरच्या कर्त्याची सही, असा मंडळाचा नियम होता. आधी दोन घरांत भांडणं झाली होती, म्हणून केलेला.

नानांनी बन्सीलाल साहेबांना सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "नाना, पुढच्या आठवड्यात छपाईला जायचंय. सही नाही तर नाव नाही. मला आता नवं भांडण झेपणार नाही."

नानांनीही वाद घातला नाही. ते साक्रीला गेले आणि बेबाबाईला म्हणाले, "गाव सापडलं. पुस्तकात येणार नाही. यायचंय का बघायला?"

ती हातपाय धुऊन, चांगलं लुगडं नेसून आली. तीन गाड्या बदलल्या. पिंपळटेकला अभिमननं दारातून बाजूला होऊन वाट दिली. या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बेबाबाई खाटेशी जमिनीवर बसली. भिकुबाईनं तिचा चेहरा चाचपला आणि कोणासारखी आहे ते आपल्याला सांगता येत नाही, असं सरळ सांगून टाकलं.

"मन्ही माय कशी व्हती?" बेबाबाईनं विचारलं.

म्हातारी आठवू लागली. ती स्वतः नवी नवरी होऊन आली, तेव्हा झुंबर माहेरपणाला आलेली होती. दोघी दोन-तीन महिने एका चुलीवर.

"तापट," ती म्हणाली. "भाकर जळी गयी म्हनीसन एकदाव माले उलथनी फेकी मारी."

बेबाबाईला हसू फुटलं. तोंडाला पदर लावून ती हसत राहिली, आणि मग नुसता पदर तोंडाशी राहिला. नाना ओट्यावर जाऊन बसले. शेजारी अभिमन उभा होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "सही करणार नाही मी, नाना."

"नका करू."

"चहा टाकायला सांगतो."

पुस्तक दोन महिन्यांनी निघालं. कार्यक्रमात भाषणं झाली, नाना मागच्या खुर्चीवर पेंगले. एक प्रत घेऊन ते बेबाबाईकडे गेले. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, कोठे शे? नानांनी तिचं बोट धरून पानावर टेकवलं आणि खरं ते सांगितलं: इथं तुझं नाव, इथं आईचं, सासरचं, आणि इथं माहेराच्या जागी रेघ.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी जाई उनू ना." मागच्या महिन्यात ती एकटीच परत पिंपळटेकला जाऊन आली होती, गाड्या विचारत विचारत. भिकुबाईला आता बोलवत नाही म्हणे, पण हात धरून ठेवते.

पुढच्या आठवड्यात बन्सीलाल साहेबांचा फोन आला. दुसरा टप्पा, जळगाव जिल्हा, कार्यकर्ते जमवायचे आहेत. नानांनी ऐकून घेतलं.

"साहेब, आता नाही होणार माझ्याच्यानं," ते म्हणाले. "पण फॉर्म नवा छापा. बहिणींचा आकडा नको, नावं घ्या. दोन्ही. माहेरचं आणि सासरचं."

"लिहून घेतो," साहेब म्हणाले. रागावले नव्हते. दमलेलेच वाटले. नानांनी फोन ठेवला आणि भर दुपारी, पंखा लावून आडवे झाले.