तारनाक्याच्या चेंबरमधले तीन झटके

या सदरातले अनुभव मी बहुतेक वेळा चिडण्यासाठीच वाचतो. पिंपळाखाली दिसलेली बाई, मागून येणारी पावलं… माझा यातल्या कशावरही कधी विश्वास नव्हता. आमचं घर नांदेडकडचं, बौद्ध. बावीस प्रतिज्ञा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की आई माझा दंड धरून घरात आणायची आणि म्हणायची, "पुस्तक काढ." तेव्हा खालचं वाचून कुणी मला देवदेवस्की शिकवायला येऊ नये. इतकी वर्षं झाली तरी राग गेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

हैदराबादेत सॉफ्टवेअरवाले नुकते उतरायला लागले होते, त्या दिवसांतली गोष्ट. परदेशातून मशीन आणणं एकदम सोपं झालं होतं आणि आमच्या मालकांनी असंच एक आणलं — ड्रेनेजच्या पाइपात घालायचा कॅमेरा. मोठ्या चाकावर गुंडाळलेली साठ मीटर लांब, ताठ केबल. तिच्या टोकाला कॅमेरा आणि भोवती बारीक दिवे. वर पेटीत टीव्ही. केबल ढकलत न्यायची, पाइप आतून दिसत जातो, किती मीटर आत गेलो तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात येतो आणि सगळं व्हिडिओ कॅसेटवर उतरतं. जुनी घरं विकत घेणारे लोक फरशी फोडण्याआधी आम्हाला बोलवायचे.

ते मशीन मी चालवायचो. डिप्लोमा झाला होता, दुसरीकडेही नोकरी मिळाली असती. पण आमचे दादा, म्हणजे वडील, इथे हैदराबादेत ड्रेनेजच्याच कामात होते. मी दहावीत असताना चिक्कडपल्लीच्या बाजारात ते एका चेंबरमध्ये उतरले आणि घरी आले ते चादरीत. मला वाटायचं, आता कॅमेरा आलाय, आता माणसाला उतरावं लागणार नाही. खरंच वाटायचं हो. मूर्ख होतो.

माझ्याबरोबर कामाला यादय्या मामा असायचे. नात्याचे नाहीत, दादांचे जोडीदार. आत उतरलेल्या माणसाचा आवाज वर येत नाही, म्हणून त्याच्या कमरेच्या दोरीवर सगळा कारभार चालतो. एक झटका म्हणजे दोरी सैल सोड, दोन म्हणजे ठीक आहे, तीन म्हणजे वर ओढ. चिक्कडपल्लीला त्या दिवशी दोरी मामांच्याच हातात होती. ते शपथेवर सांगायचे, "रस्सी हिली नै बेटा. एक बार भी नै हिली." मी मान डोलवायचो, पण मनातून मला ते खोटं वाटायचं. बिडी ओढत बसले असतील, लक्ष नसेल… दहाएक वर्षं मी त्या माणसाच्या डब्यातलं खाल्लं आणि तेवढीच वर्षं हे मनात धरून ठेवलं.

तर मार्चमधला एक शनिवार. तारनाक्याला, रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत एक जुना बंगला. तो पुण्याहून आलेल्या एका सॉफ्टवेअरवाल्या साहेबांनी विकत घेतला होता. नाव सांगत नाही, साहेबच म्हणतो. घरात वास्तुशांत होती, पुण्याहून तीस-चाळीस पाहुणे आलेले. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या आणि दोन्ही बाथरूम तुंबली. काळं पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं.

मी मराठी बोलतो म्हटल्यावर साहेब खूश झाले. "अहो वा! या शहरात मराठी माणूस, तोही या लाइनमध्ये! वडील काय करायचे इथे?"

"ड्रेनेजमध्ये होते," मी म्हणालो.

"हो का," ते म्हणाले. त्यानंतर दिवसभर 'अहो' गेलं आणि 'अरे' आलं. चहा आला तो आत पाहुण्यांसाठी मांडलेल्या कपांतून नव्हे, बागेतल्या माळ्यासाठी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यांतून. हे मी तेव्हाही पाहिलं होतं, मामांनीही पाहिलं होतं, आणि आम्ही दोघंही चहा प्यायलो.

आमची एक पद्धत होती, मामांनी शिकवलेली. कुणी उतरो न उतरो, गेल्या गेल्या सगळी झाकणं उघडायची आणि दोन-तीन तास आतली हवा जाऊ द्यायची. मी आठला झाकणं उघडून घरामागे मशीन जोडायला गेलो. तेवढ्यात साहेबांनी माळ्याकडून ती परत लावून घेतली. होमाला बसलेल्यांना वास येत होता म्हणे. गेटजवळच्या चेंबरवर तर चक्क सतरंजी टाकली, पाहुण्यांना चपला काढायला. मला पत्ताच नाही. मी मागे केबल ढकलतोय आणि पुढे झाकणावर चपलांचा ढीग जमतोय.

अकरा मीटरवर कॅमेरा अडला. टीव्हीवर मुळांचं जाळं दिसलं आणि त्यात गुरफटलेली सिमेंटची फाटकी गोणी, गेटजवळच्या चेंबरच्या तोंडाशीच. तो चेंबर दहा फूट खोल. मी साहेबांना दाखवलं आणि म्हणालो, "उद्या सकाळी पाण्याच्या प्रेशरची गाडी येईल, दहा मिनिटांत मोकळं होईल. आजचा दिवस शेजाऱ्यांकडे सोय बघा."

"उद्या? अरे, माझ्याकडे जेवायला चाळीस माणसं आहेत! हा तुमचा माणूस आहे ना? कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसतंय. कुठे आहे ते कळलंय. हात घालायचा आणि काढायचं."

मामा माझ्या मागे उभे होते. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "इसकू आँख है बाबू, नाक नै."

साहेबांनी तिथूनच मालकांना फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मालक म्हणाले, "दस मिनट का काम है, उतार दो उसको."

आणि मी काय म्हणालो असेन? "जी सर."

एवढंच. बाप ज्यात गेला त्यात बापाच्या जोडीदाराला उतरवायला मी दोन शब्दांत तयार झालो. मामांनी शर्ट काढून घडी करून भिंतीवर ठेवला, अंगाला खोबरेल चोळलं, कमरेला दोरी बांधली. दोरीचं दुसरं टोक माळ्याकडे दिलं. चपला बाजूला झाल्या, सतरंजी निघाली, झाकण सरकलं. ते बंद होतं हे मला तेव्हा कुठे दिसलं, पण 'जी सर' म्हणून झालं होतं. मामा कडेवर बसले, पाय आत सोडलेले, दोन्ही हात कडेवर. मी घराच्या कोपऱ्यावर, त्यांच्यापासून तीसेक फुटांवर, केबल हातात धरून. साहेब टीव्हीपाशी. दुपारचे सव्वाबारा, डोक्यावर रणरणतं ऊन. अंधार, घुबड वगैरे काही नव्हतं.

आणि माझ्या हातातल्या केबलला झटका बसला.

आतून. एक… लगेच दुसरा… आणि जरा थांबून तिसरा.

मला वाटलं, मामांचा पाय लागला असेल. पण केबल त्यांच्या चेंबरपर्यंत पोचलीच नव्हती, मुळांच्या अलीकडे अडलेली. पुन्हा तेच. दोन लागोपाठ, मध्ये श्वासाएवढी जागा, मग तिसरा. माझ्या हाताला हिसका बसत होता. ही केबल दोरीसारखी नसते, ताठ असते. ती ढकलायला माझा सगळा जोर लागायचा.

साहेब ओरडले, "अरे, कोण ओढतंय?"

म्हणजे त्यांनीही पाहिलं. हे लक्षात ठेवा, कारण नंतर ते नाही म्हणाले.

मग चाक आपोआप फिरलं. केबल माझ्या मुठीतून सरकून आत जायला लागली. पडद्यावरचा आकडा वाढायला लागला. अकरा-दोन… अकरा-पाच… अकरा-नऊ. आणि चित्र? चित्र तिथेच! तीच मुळं, तीच गोणी, तसूभरही जवळ नाही.

"मामा, नक्को! नक्को उतरो!" मी असा ओरडलो की आतले मंत्र थांबले.

मामा पाय वर घेऊन धावत आले आणि त्यांनी माझ्या हातापुढे केबल धरली. पुन्हा झटके आले. दोन, मग थांबून तिसरा. मामांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. त्यांनी केबल दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"किसनन्ना का हाथ है ये," ते म्हणाले. किसन माझ्या वडिलांचं नाव. "हमेशा ऐसाइच खींचता था. दो, फिर रुक के तीसरा. पूरे गँग में उसका एकइच हाथ था ऐसा." मग ते रडायला लागले, लहान मुलासारखे, हुंदके देत. केबलकडे बघून म्हणाले, "उस दिन कायकू नै हिलाया रे अन्ना? मैं पकड़ के बैठा था. कसम से पकड़ के बैठा था."

इतकी वर्षं मी ज्या माणसावर मनात खटला चालवत होतो, तो खरं बोलत होता हे मला त्या उन्हात कळलं. मी त्यांच्या कमरेची दोरी सोडली. गाठ तेलाने बुळबुळीत झाली होती, दातांनी सोडवावी लागली. दोरी गळून खाली पडली आणि केबल एकदम सैल झाली. एका हाताने ओढली तर सरसर बाहेर आली.

साहेब लालबुंद झाले होते. "ही काय नाटकं आहेत? अरे, तू शिकलेला ना? एवढं फॉरेनचं मशीन चालवतोस आणि असल्या अंधश्रद्धा?"

आत गुरुजी वास्तुपुरुषाला नैवेद्य दाखवत होते आणि हा माणूस बाहेर मला अंधश्रद्धेवर लेक्चर देत होता! मी बोललो. जे जे तोंडात आलं ते मराठीत बोललो, म्हणजे पुण्याच्या सगळ्या पाहुण्यांना नीट कळावं. झाकण कुणी लावलं, सतरंजी कुणी टाकली, सगळं काढलं. साहेबांची बायको दारात येऊन नवऱ्याकडे बघत उभी राहिली, तिने एकदाही मला गप्प बसायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रेशरची गाडी आली. त्यांच्या इंजिनिअरने पाइप खाली सोडायच्या आधी एका रसायनात ओला केलेला कागद दोऱ्याला बांधून चेंबरमध्ये सोडला. विषारी वायू असेल तर तो काळा पडतो. चेंबर रात्रभर उघडा होता, तरी कागद कोळशासारखा काळा होऊन वर आला. इंजिनिअरने विचारलं, "काल कुणी उतरलं नाही ना?" मामा शेजारीच उभे होते, त्यांनी नुसती मान हलवली.

ती कॅसेट मी बऱ्याच जणांना दाखवली. एकाने सांगितलं, केबल आत गुंडाळली गेली असेल, म्हणून आकडा वाढला. मग ती बाहेर येताना एकही वेढा का नव्हता? दुसरा म्हणाला, वायूचा दाब. वायू केबल आत ओढतो? आणि मोजून तीन वेळा, मध्ये थांबून? साहेब पुढे पुण्याला परतले, तिथे त्यांना पत्र लिहिलं तर उत्तर आलं की आपण काही हललेलं पाहिलं नव्हतं. भूत होतं असं मी आजही म्हणणार नाही. काय होतं ते मला माहीत नाही, एवढंच प्रामाणिकपणे सांगू शकतो.

यादय्या मामा पुढे खूप वर्षं जगले आणि आपल्या घरी, आपल्या खाटेवर गेले. आईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा वाटलं, ती मला पुस्तक काढायला लावेल. तिने हातातली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "जिवंतपणी त्या माणसाला एक दिवस सुट्टी मिळाली नाही. मेल्यावर तरी तू त्याला कामावर कशाला बोलावलंस?"

ते खरंच आले होते की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवशी फोनवर बोलायला तोंड मला होतं, आणि 'नाही' मी म्हणायला हवं होतं.