मालतीबाईंचं न जुळणारं हाड

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात कारखान्याच्या जिन्यावरून पाय घसरला आणि मालतीबाईंच्या डाव्या नडगीचं हाड मोडलं. तेरा वर्षं त्या गुजरातेत, बमरोलीतल्या लूमच्या कारखान्यात बॉबीन भरत होत्या. शेठ भला माणूस. दिवाळीची सुटी संपून लाभपाचमेला कारखाना उघडेपर्यंत जागा राखतो म्हणाला, त्यानंतर मात्र दुसरी बाई.

मग काय विचारता! बाईंनी पथ्याची नुसती हद्द केली. चिंच बंद, ताक बंद. नवरा हेमराज रोज न चुकता दूध आणायचा, डिंकाचे लाडू वळून ठेवायचा. प्लास्टर घातलेला पाय उशीवरून खाली म्हणून आला नाही. आणि तरी दर फोटोत भेग जिथल्या तिथे! बाईंची नुसती चिडचिड व्हायची. शेजारच्या सरलाबाईंचा मुलगा झाडावरून पडला, सहा आठवड्यांत उड्या मारायला लागला. माझ्याच हाडाला काय धाड भरली, म्हणून त्या दिवसभर धुसफुसायच्या. पडल्या पडल्या वेळ जात नाही, म्हणून दोनदाची मिश्री पाच वेळा झाली होती. हेमराज बिचारा खोकत खोकत तव्यावर तंबाखू भाजून, कुटून द्यायचा.

दिवाळीच्या तोंडावर दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता. पोरसवदा, गुजराती, पण निवांत बोलणारा. त्याने फोटो पाहिला, मग बाईंच्या काळ्या पडलेल्या हिरड्या पाहिल्या आणि तंबाखू खाता का, विचारलं.

"नाही," बाई ठसक्यात म्हणाल्या. "मिश्री लावते फक्त. दात घासायला."

डॉक्टरने डोक्याला हात लावला. मग हिंदी-गुजरातीत समजावून सांगू लागला. हाड आपोआप जुळत नाही, मासी. ते बांधणाऱ्या पेशी असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. मोडलेल्या टोकांकडून त्यांना निरोप जातो, तो पेशीच्या आत हातोहात पोचतो, तेव्हा कुठे त्या कामाला लागतात. तंबाखूचं विष हिरडीतून रक्तात उतरतं, रक्ताच्या नळ्या आवळतं आणि तो निरोप दडपून टाकतं. पेशी बसतात हात बांधून. खायची काय, लावायची काय, विष तेच. आता बंद केलीत तरी आणखी चार महिने. नाही जुळलं तर ऑपरेशन.

बाईंचा चेहरा लालबुंद झाला.

"मागचा डॉक्टर दरवेळी विचारायचा, तंबाखू खाता का. मी खरंच सांगायचे, नाही. मिश्री लावता का, हे एकदा तरी विचारायचं होतं मेल्याने!"

रागाने त्यांना रडू फुटलं. साडेपाच महिने चिंचेच्या बुटुकाला शिवल्या नाहीत, आणि विष मात्र स्वतःच्या बोटाने दिवसातून पाच वेळा चोळत बसल्या. कुणावर ओरडावं? हेमराज तर अपराध्यासारखा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्यावर ओरडायचीही सोय नव्हती. कुबड्या घेऊन त्या रिक्षापर्यंत आल्या. साडेपाच महिने दर आठवड्याला त्यांनी कारखान्यात एकच सांगावा धाडला होता, येते, जागा ठेवा. रिक्षा पांडेसऱ्याहून बमरोलीकडे वळली तेव्हा त्या नवऱ्याला घरच्या अहिराणीत म्हणाल्या,

"सेठले सांगी द्या, मनी वाट देखू नका."

आता माझी वाट बघू नका, एवढाच निरोप घेऊन हेमराज कारखान्यापाशी उतरला. बाई रिक्षातच बसून राहिल्या, आतल्या लूमचा खडखडाट ऐकत.