नाश्त्याबरोबर माझं इंग्लिश

"परत म्हण ना गं, एकदाच," मॅडम म्हणाल्या. "या दोघांनी ऐकलं नाही."

मेजाभोवती सहा पाहुणे. माझ्या हातात भाजीचा टोप. गोव्यात मांद्र्याला समुद्राकाठी मॅडमचं गेस्टहाऊस, सकाळची नाश्त्याची वेळ. मी आत्ताच सगळ्यांना सांगितलं होतं, "धिस इज भाजी-पाव, हॉट-हॉट, लिटल-लिटल स्पायसी, यू ईट, नो?" चौघं हसले होते. दोघं मोबाईलमध्ये होते, त्यांचं हसायचं राहून गेलं होतं. त्यांच्यासाठी मी परत म्हणायचं होतं.

म्हटलं. तेही हसले. एक बाई टाळ्या वाजवत म्हणाली, "सो क्यूट!" मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला, दुकानदार आपल्या मालावर ठेवतो तसा. मी टोप घेऊन आत आले आणि मोरीपाशी उभी राहिले. रडू आलं नाही. भांडी घासायला घेतली.

मी पाळी गावची. बाबा खाणीवर टिपर चालवायचे. खाण बंद पडली, टिपर गेला, छातीत भरलेली धूळ तेवढी राहिली. आता खोकून खोकून त्यांना अंगणापर्यंत चालवत नाही. घरात कमावणारी मी एकटी. मराठी शाळेत शिकले. साखळीला कॉलेजात गेले तेव्हा पहिलं वर्षभर सरांचं इंग्लिश डोक्यावरून जायचं. तरी बी.कॉम. झाले. घासून घासून झाले.

इथे मला रिसेप्शनला म्हणून घेतलं होतं. मॅडम मुंबईच्या, पण मराठी. आपलं माणूस मिळालं म्हणून मी किती खूश! परकी असती तर सावध तरी राहिले असते. आठवडा झाला नाही तोच त्यांनी मला बाजूला घेतलं.

"फोनवर तुझं इंग्लिश जरा गावठी वाटतं गं. काही दिवस नाश्त्याला उभी राहा. बोलणं सुधारलं की परत खुर्चीवर."

मी मान डोलावली. म्हटलं, खरंच असेल. आपण पाळीचे, आपल्याला कुठलं येतंय! मग रोज दुपारी मागच्या खोलीत बसून मोबाईलवर इंग्लिश बातम्या लावायची आणि त्यांच्या मागून म्हणायची. जीभ दुखायची. एकेक वाक्य इतक्या वेळा म्हणायची की त्याचा अर्थच निघून जायचा. पण ती खुर्ची मला हवी होती. नुसती बसायला नव्हे. लोक काही विचारतात आणि आपण सांगितलेलं ऐकून घेतात, ते मला हवं होतं.

आणि एका सकाळी जमलं. मेजापाशी उभी राहून मी सरळ, स्वच्छ इंग्लिशमध्ये सांगितलं, आज काय आहे, कशाचं आहे, तिखट किती आहे. कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या पाहुण्याने विचारलं, भाजीत नारळ आहे का? मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि खायला लागला. एवढंच झालं, पण मला आभाळ ठेंगणं झालं.

मॅडम माझ्या पाठोपाठ स्वयंपाकघरात आल्या.

"आज हे काय बोललीस?"

"सुधारलं ना मॅडम?"

"अगं, असं बोलणारे सगळीकडे मिळतात. तुझं ते आधीचंच छान आहे. ओरिजिनल. लोकांना मजा येते."

"मग रिसेप्शनचं?"

"बघू. सीझन संपू दे."

म्हणजे फोनवर गावठी नको आणि मेजावर गावठीच हवं. चुकले तर खुर्ची नाही. नाही चुकले तर नोकरी नाही. वर ही बाई गोड बोलते! शिवी दिली असती तर मी परत दिली असती. गोड बोलणाऱ्याला काय द्यायचं?

बाबांचा श्वासाचा पंप संपत आला होता. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम चुकायला लागले.

अख्खा सीझन चुकले. आधी दोनदा म्हणायची ते तीनदा म्हणायला लागले, जिथे नको तिथे 'नो' लावायला लागले. जेवढं वेडंवाकडं बोलावं तेवढ्या मॅडम खूश. एक दिवस सुट्टीला घरी गेले होते, तेव्हा बाबांना तपासायला डिचोलीला नेलं. तिथला डॉक्टर इंग्लिशमध्ये बोलला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं? "लिटल-लिटल कफ, नो?" तसाच सूर, तशीच मान. मी ठरवून बोलले नव्हते. डॉक्टर गालात हसला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. माझं बोलणं कुठलं आणि नाश्त्यासाठी बसवलेलं कुठलं, हे माझं मलाच कळेना. त्या दिवशी वाटलं, आपण संपलो. तोंडच आपलं राहिलं नाही, तर आणखी काय राहिलं?

आमच्याकडे एक रशियन उतरायचा. "आय वाँट एग. टुमॉरो आय गो. वेअर स्कूटर?" असं त्याचं इंग्लिश. मॅडम अगदी कौतुकाने ऐकायच्या. मला म्हणाल्या, "त्याचा अ‍ॅक्सेंट किती चार्मिंग आहे ना?" त्याचं मोडकं असलं तर तो अ‍ॅक्सेंट. माझं मोडकं म्हणजे करमणूक. ते मला टोचलं. तरी मेजावर माझं 'लिटल-लिटल' चालूच ठेवलं.

मग कोणीतरी माझा व्हिडिओ काढला. मॅडमनी तो गेस्टहाऊसच्या पानावर टाकला. फिरत फिरत तो पाळीला पोचला. आईचा फोन आला. आईला इंग्लिशचा ओ की ठो कळत नाही.

"सगळ्या वाड्यार दाखयलंय गो," आई म्हणाली. "लोक म्हणतत, चेडवान नाव काढल्यान." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. "पण ते हसतत कित्याक?" तिने विचारलं.

"खूश झालेत ते, आये."

आणखी काय सांगणार होते? माझ्या आईला उभ्या जन्मात मिरवण्यासारखं पहिल्यांदा काही मिळालं होतं, आणि ते काय तर हे!

मॅडमना हे कळल्यावर त्यांना भारीच गंमत वाटली. "आईला बोलव ना एकदा नाश्त्याला. मी सांगते म्हणून सांग." मी टाळत होते, पण त्यांनी माझ्या फोनवरून आईला स्वतःच सांगितलं. आई आली. ठेवणीतलं पातळ नेसून, मॅडमसाठी फणसाचे तळलेले गरे घेऊन. तिला पाहुण्यांच्या मेजावर बसवलं. खुर्चीच्या कडेला टेकून, हात मांडीवर घेऊन बसली.

"धिस इज हर मदर!" मॅडम म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई लाजली. एकाने मोबाईल वर धरला. मॅडम मला म्हणाल्या, "चल, आज आईसमोर होऊन जाऊ दे."

मी आईकडे बघितलं. ती अशी बघत होती की जणू मी मोठी साहेबीण. मला ते चुकीचं बोलताच येईना. मी जमेल तितक्या नीट म्हटलं, "गुड मॉर्निंग. माय मदर हॅज कम फ्रॉम पाळी टु सी व्हेअर आय वर्क."

हसले. सगळे हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. व्हिडिओ बघून ते हसायचं ठरवूनच बसले होते. मी नीट बोलले तरी हसले. म्हणजे इतके महिने मी माझी जीभ सोलत होते ती उगाच. ते इंग्लिशला हसतच नव्हते. मला हसत होते. पाळीच्या ड्रायव्हरची पोर तोंड उघडते, याला हसत होते.

आणि आई? सगळ्यांची तोंडं बघून आईसुद्धा हसली. जरा उशिरा. पदर तोंडावर धरून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"व्हॉट इज फनी?" मी विचारलं.

ते आणखी हसले.

"नो. प्लीज टेल मी. व्हॉट इज फनी?"

आता कोणी हसेना. मोबाईल खाली आला. मॅडम दात आवळून मराठीत म्हणाल्या, "काय चाललंय तुझं? सॉरी म्हण त्यांना."

"कशाबद्दल, मॅडम? तुम्ही सांगा. तुम्हाला तर मराठीत सांगता येईल. आत्ता माझं काय चुकलं?"

"आधी तुझा सूर बघ. लायकी बघून बोलावं माणसाने."

इंग्लिश कळत नसलं तरी हे आईला कळलं. ती धडपडत उठली आणि मॅडमसमोर हात जोडून उभी राहिली. "बाई, चेडवाक समाजना नाय. माफ करा." कशाची माफी, ते तिला ठाऊक नव्हतं. हात मात्र जोडले गेले होते. मी जाऊन ते हात खाली ओढले. जरा जोरातच ओढले. मग खोलीतले माझे कपडे पिशवीत कोंबले आणि आईला घेऊन रस्त्यावर आले.

"हसले तर हसले," बस येईपर्यंत आई म्हणत होती. "पगार तर दीत होते मा? बापाशीच्या औषधाचा आता काय?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आये, ते माका हसत होते," मी म्हटलं. "पयल्या दिवसापासून."

बस म्हापशाला आली तेव्हा आईने पदराने तोंड पुसलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मिया पण हसलंय मा गो."

तेव्हा मी रडले. भर बसमध्ये, लोकांसमोर.

नोकरी अजून नाही. बाबांचा खोकला घर हलवतो. गेल्या आठवड्यात म्हापशाला एका ऑफिसात मुलाखत झाली. माझं पहिलं वाक्य ऐकून समोरचा साहेब बाजूच्याकडे बघून हसला. मला ती नोकरी हवी होती, देवाशपथ हवी होती. तरी मी विचारलं, "व्हाय आर यू स्मायलिंग, सर?" त्याने कागद चाळायला घेतले. नोकरी मिळाली नाही.

उद्या डिचोलीला दुसरीकडे बोलावलं आहे. तिथेही जाईन, माझ्या तोंडातून जसं येईल तसं इंग्लिश बोलेन. कोणी हसलं तर विचारेन, का हसलात? घरात चूल पेटली नसली तरी विचारेन. आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्या समोरच्या खुर्चीवरून उठणार नाही.