लाइन क्लिअर न मिळालेली तलवार

रेवणसिद्ध मास्तरांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसत: नियम न कळणारी आणि कळूनही न पाळणारी. तिसऱ्या प्रकारात ते एकटेच होते, आणि तिथं त्यांना गर्दी नको होती. होटगीला असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून त्यांची उभी नोकरी झाली. पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर आल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, हे एक काम त्यांनी चोख केलं आणि त्या जोरावर उरलेल्या दुनियेला मूर्खात काढत राहिले. शहात्तर साली निवृत्त होऊन ते सोलापुरात स्टेशनामागच्या गल्लीत राहायला आले, तेव्हा निरोपाच्या चहाला जमलेल्यांपैकी एकानंही "मास्तर, कधी घरी या" म्हटलं नाही.

वेळ जाईना म्हणून ते रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन बसू लागले. पत्तेवाले त्यांना आळशी वाटले, कॅरमवाले उडाणटप्पू. बुद्धिबळालाही त्यांनी नाक मुरडलं. "प्यादं मेलं म्हणजे मेलं? कुटं लागलं, किती लागलं, काय चौकशीच न्हाय?" शेवटी त्यांनी स्वतःचाच खेळ काढला. टेबलावर खडूनं गड आखायचा. प्रत्येकानं एक गडी घ्यायचा, त्याला नाव द्यायचं आणि त्याच्याच तोंडानं बोलायचं. मास्तर गडाच्या बाजूनं, बाकी सारे चढाईला. हातघाई आली की पाच कवड्या टाकायच्या. पालथ्यांपेक्षा उताण्या जास्त पडल्या तर वार बसला.

खोटं कशाला बोला, खेळ फर्मास होता. गार्ड तिप्पण्णा घरी बायकोसमोर हूं की चूं करत नसे, तो टेबलावर मूठ आपटून पहारेकऱ्यांना दम भरू लागला. लोको शेडमधला फिटर बिरप्पा आपल्या गड्याचं नाव घेऊन कामावरही गप्पा मारायचा. पत्ते टाकून माणसं भोवती उभी राहू लागली, कुणीतरी मास्तरांसाठी चहा मागवला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांची वाट बघत होतं. रविवारी सकाळपासूनच ते इस्त्रीचा सदरा घालून दाराशी बसत. ही एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि तिचाच त्यांनी आपल्या हातानं गळा घोटला.

झालं असं, की बिरप्पाच्या गड्यानं एका दमात दोन पहारेकरी लोळवले, तेव्हा तिप्पण्णा म्हणाला, "आसं कसं? त्याचा हात दुखला नसंल व्हय?" सहज बोलला बिचारा. पण रेल्वेत अपघात झाला की चौकशी होते, आणि चौकशी झाली की नियमांच्या पुस्तकात नवी चिठ्ठी चिकटवतात. मास्तरांचा जन्म असल्या चिठ्ठ्या चिकटवण्यात गेलेला. पुढच्या रविवारी ते दमणुकीचा नियम लिहूनच घेऊन आले. मग दर वादाला एक चिठ्ठी. ऊन कुणाच्या डोळ्यांवर, वारा कुठल्या अंगानं, ढाल ओली की कोरडी, गड्यानं सकाळी भाकरी खाल्ली होती की नाही. या सगळ्यावर कळस म्हणजे, वार करण्याआधी समोरच्याला विचारायचं, त्यानं कवड्या टाकून होकार द्यायचा, मगच तलवार खाली आणायची. लढाईतसुद्धा लाइन क्लिअर! एकानं विचारायचं, मारू का? दुसऱ्यानं म्हणायचं, थांबा, बघून सांगतो. असल्या अकलेपुढं हात टेकावेत नाहीतर काय करावं?

बिरप्पाच्या गड्यानं गडाच्या दाराशी तलवार उचलली, त्या रविवारी हॉल भरलेला होता. मास्तरांनी चष्मा लावला. ऊन पाहिलं, वारा पाहिला, ढालीपाशी अडले. मागची चिठ्ठी शोधली, तिच्यातली चूक निस्तरायला आणखी एक लिहिली. लोक एकेक करत पत्त्यांकडे वळले. तिप्पण्णाच्या गाडीची वेळ झाली, तो झेंड्या उचलून चालता झाला.

"मास्तर, लागली का न्हाय माझी तलवार?" बिरप्पानं विचारलं.

"घाई करणाऱ्यांचा खेळ न्हाय हा."

"घाई कुटली? वर धरून धरून माझ्या गड्याचा हात गळून पडंल की!"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. तलवार वर धरून ठेवली तर हाताला किती रग लागते, याचा नियम त्यांनी तिथंच लिहायला घेतला.

पुढच्या रविवारी टेबलाशी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "डोकी न्हाईत त्यांना," मास्तर घरी बायकोला म्हणाले. काशम्मा ज्वारी निवडत होती.

मग कानावर आलं, की खेळ बिरप्पाच्या अंगणात चालू आहे. मास्तर तरातरा गेले. बिरप्पा, तिप्पण्णा आणि बिरप्पाची बायको शिवबाई गोल करून बसले होते. चिठ्ठ्या नाहीत, होकार नाही; कवड्या पडल्या की वार बसला. मास्तरांना बघून त्यांनी जागा केली, आणि अगदी मनापासून केली.

"या मास्तर, बसा. गडी घ्या एक," तिप्पण्णा म्हणाला.

मास्तर बसले. शिवबाईनं कवड्या टाकल्या, चार उताण्या पडल्या, आणि मास्तरांचा गडी मेला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "ऊन कुणाच्या डोळ्यांवर होतं?"

कुणी भांडलं नाही. शिवबाईला चुलीवरचं दूध आठवलं, तिप्पण्णाला ड्यूटी. बिरप्पानं कवड्या टोपीत गोळा केल्या. एवढ्या माणसांचं हसतं अंगण एका प्रश्नानं मोकळं करून मास्तर घरी निघाले, आणि वर आपण त्यांची चूक दाखवून दिली या तोऱ्यात चालत होते.

पुढच्या खेपेला बिरप्पाच्या दाराला कुलूप होतं. खेळ दुसरीकडे हलला होता, आणि कुठं ते कुणी मास्तरांना सांगितलं नव्हतं. इन्स्टिट्यूटमध्ये विचारलं तर पत्तेवाल्यांनी मानसुद्धा वर केली नाही. तेव्हा कुठं त्यांना लागलं. घरी येऊन ते बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी, लग्नाला इतकी वर्षं होऊन गेल्यावर, त्यांनी पहिल्यांदा आवाज खाली आणून बायकोला काही विचारलं.

"ती मंडळी कुटं बसत्यात, तुला काय ठावं?"

"ठावं हाय की." काशम्मा आरशासमोर कुंकू लावत होती.

"मग सांग."

"न्हाय सांगत."

"का?"

"तुमी आलासा की खेळ मरतो." ती पदर खोचत म्हणाली. "माझा गडी भिताडावर अर्ध्यात चढलाय. त्याला काय तसाच टांगून ठेवू व्हय? भाकरी झाकून ठेवलीया, खावा."

तिनं चपला घातल्या आणि झपाझपा निघून गेली. ती कुठल्या बाजूला वळते ते बघायला मास्तर दारापर्यंत आले, पण तोवर गल्ली रिकामी झाली होती.