गुलाबी ब्रेक

दादाचा फोन आला तेव्हा मी दुबईत ऑफिसात होतो. "शैलाला घेऊन इस्पितळात आलोय, तू ये," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "सावकाश ये. आता घाईचं काही नाही." माझा दादा एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. सावकाश जा, हेल्मेट घाल, दोन्ही हातांनी धर, हे तो जन्मभर जगाला सांगत आलाय, त्यामुळे मला त्यात वेगळं काही जाणवलं नाही. अल नहदाच्या सिग्नलला गाड्यांच्या रांगेत अडकलो होतो तेव्हा त्याच्या बोलण्याचा अर्थ डोक्यात शिरला... पुढची गाडी हलली तरी मी तिथेच. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा निघालो.

शैलावहिनी कामावरून घरी आली होती. चहा टाकला, छातीत कसंतरी होतंय म्हणून जरा आडवी झाली, एवढंच. दादाने तिला गाडीत घातलं, इस्पितळात नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली. मी पोचलो तेव्हा तो त्या खुर्चीवर ताठ बसला होता. "गॅस बंद केलाय मी," तो मला म्हणाला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. केतकी, त्यांची मुलगी, अबूधाबीहून आली, राहिली, परत कामावर गेली. मी मात्र अजून वहिनीबद्दल बोलताना मध्येच 'आहे' म्हणतो.

वहिनी शारजाच्या एका डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन होती. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा पाठवायचे, त्यावरून ही कवळ्या आणि दात घडवायची. पंचवीसेक वर्षं तिने हेच केलं, त्यामुळे माणूस भेटला की ती आधी त्याचं तोंड बघे आणि मग चेहरा. मी नोकरीसाठी इथे पहिल्यांदा उतरलो तेव्हा दोघं विमानतळावर घ्यायला आले होते. प्रवास कसा झाला हे दादाने विचारलं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, डावीकडची दाढ दाखवून घ्या." पहिलं वर्षभर मी त्यांच्याकडेच राहिलो. शारजाच्या जुन्या वस्तीत एक बैठा व्हिला आहे, त्याचा मागचा अर्धा भाग त्यांच्याकडे, पुढे सिमेंटचं अंगण आणि कडेला पत्र्याची शेड. टॉवरमध्ये राहायला ये म्हणून मी दादाच्या मागे लागून थकलो. आता वाटतं, टॉवरमध्ये गेले असते तर वहिनीची ती गाडी कुठे ठेवली असती?

गाडीकडे वळण्याआधी लायसन्सची कथा सांगायला हवी. वहिनी तरुणपणी इथल्या ड्रायव्हिंग टेस्टला बसली होती आणि नापास झाली होती. इथे ती टेस्ट भलेभले नापास होतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. किती वेळा, ते ती सांगत नसे. दादा सांगत असे, आणि दर वेळी एक वाढवून सांगत असे. शेवटी तो म्हणाला, "मी आहे ना ड्रायव्हर, तुला कशाला हवंय लायसन्स?" तेव्हा केतकी लहान होती, ते तिथेच राहिलं. त्यानंतर कुठे जायचं, कधी निघायचं आणि कधी उठायचं, हे दादा ठरवत गेला. खोर फक्कानचा समुद्र हे वहिनीचं आवडतं ठिकाण. पण डोंगरातून परत यायचंय, अंधार नको, म्हणून दादा उन्हं कलायच्या आत उठवायचा. ती चटई झटकून गाडीत बसायची. "इतक्या वर्षांत मी खोर फक्कानला दिवे लागलेले पाहिले नाहीत," ती एकदा भाकऱ्या करता करता मला म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मग ती गाडी आली. त्यांच्या लॅबला काम देणारा एक गोरा डेंटिस्ट निवृत्त होऊन मायदेशी निघाला होता. त्याच्या गॅरेजात एक किट कार पडून होती. किट कार म्हणजे जुन्या जर्मन मोटारीचा सांगाडा आणि मागे बसवलेलं तिचंच इंजिन घ्यायचं, वरची पत्र्याची बॉडी काढून टाकायची आणि फायबरग्लासची हवी तशी बॉडी घरच्या घरी चढवायची. बुटकी, उघडी, दोन सीटची गाडी. त्याने हौसेने बनवली, कागदपत्रंही केली, मग ती उन्हात तडकली आणि धूळ खात बसली. वहिनी तयार कवळी द्यायला गेली होती, तेव्हा भंगारवाला गाडी बघून जात होता. ती तडक म्हणाली, मला द्या. रिकव्हरी ट्रकवरून ती गाडी अंगणात उतरली तेव्हा दादा बनियनवर बाहेर आला.

"हे काय आणलंस?"

"गाडी."

"कुणाला?"

"मला. मी दुरुस्त करणार, मी लायसन्स काढणार आणि मी चालवणार. तुम्ही बाजूला बसा."

दादा हसला नाही, हे सांगायला हवं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बसेन. आधी लायसन्स तर दाखव." केतकीला फोनवर कळलं तेव्हा ती, "आई, आर यू सीरियस? यू कान्ट इव्हन पार्क अ सायकल," एवढं बोलून मीटिंगला गेली. पण वहिनीचं ठरलं होतं. वयाच्या त्या टप्प्यावर तिला एकदा तरी कधी निघायचं आणि कधी परतायचं हे स्वतः ठरवायचं होतं. तिने ते मला तसंच, याच शब्दांत सांगितलं होतं.

इंजिनचं काम औद्योगिक क्षेत्रातल्या इब्राहिमभाईंच्या गॅरेजने केलं. इब्राहिमभाई मूळचे श्रीवर्धनचे, बोलायला दांडगे. "भाभी, इंजिन खलास वाटतंय पण नाय, आपण हाय ना, टेन्शन मत लो," म्हणत त्यांनी ते एक हिवाळाभर ठेवून घेतलं. बॉडीला मात्र वहिनीने कुणाला हात लावू दिला नाही. तडे कसे बुजवायचे याचा तिने फार विचारही केला नाही, कारण तडकलेल्या कवळ्या ती रोजच सांधत होती. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी ॲक्रिलिकच्या करतात, त्याची मुदत संपलेली पावडर लॅबमध्ये पडून होती. ती आणून तिने एकेक तडा कोरला, भरला, घासला आणि चकचकीत केला. काम इतकं सुबक की बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता. फक्त राखाडी गाडीला जागोजागी हिरड्या फुटल्या होत्या. मी बघायला गेलो आणि विचारलं, "वहिनी, हिला दात कधी येणार?" तिने माझ्यावर ब्रश उगारला.

ऑगस्ट आला आणि त्या हिरड्या एकेक करून सुटू लागल्या. तोंडात जे वर्षानुवर्षं टिकतं ते शारजाच्या उन्हात टिकेना. फायबरग्लास तापून एका मापाने फुगे, ॲक्रिलिक दुसऱ्या मापाने, आणि टकाटक टवके अंगणात पडत. वहिनीने ते झाडून काढले. मग रीतसर रेझिन आणि काचेच्या धाग्याची चटई आणून सगळं उकरून पुन्हा भरायला बसली. इथेही लॅबची सवय आड आलीच. तिथे एसी असतो. शेडमध्ये तिने सकाळी दहाच्या उन्हात अर्धी बादली रेझिन हार्डनर घालून कालवलं. ते ब्रशसकट थिजलं, तापलं आणि बादलीतून धूर निघायला लागला. दादाने आयुष्यभर या क्षणाची तयारी केली होती. तो आतून अग्निशामक नळकांडं घेऊन धावत आला आणि त्याने बादली, गाडी, वहिनी आणि दोरीवरचे कपडे सगळं पांढरं करून टाकलं. पावडर खाली बसल्यावर वहिनी पापण्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "झालं समाधान?" "झालं," दादा म्हणाला. त्या दिवसापासून ती वाटीवाटीने रेझिन कालवू लागली, आणि तेही पहाटे. दादा खुर्ची टाकून नळकांडं मांडीवर घेऊन बसायचा. तो पहारा देत होता असं त्याचं म्हणणं होतं. मला वाटतं, त्याला बघायला आवडत होतं.

रंगाची वेळ आली तेव्हा रंगवणाऱ्याने पांढऱ्याचे प्रकार दाखवले. वहिनीने पर्समधून दातांच्या छटांची पट्टी काढली, खऱ्यासारख्या दातांची रांगच ती, आणि त्यातला एक दात पुढे केला. तो माणूस दोन पावलं मागे सरला. "एकदम पांढरं खोटं दिसतं," ती म्हणाली, "चहा पिणाऱ्या माणसाच्या दाताचा रंग द्या." गाडीला तोच रंग आहे, आणि खरं सांगतो, फार सुंदर दिसतो.

सीट हे तिचं सगळ्यात मोठं काम. वहिनी पाच फुटांना जरा कमीच. कुठल्याही सीटवर तिला पुढचं दिसत नसे, पाय पोचत नसत, आणि तेव्हाच्या टेस्टमध्ये घोळ व्हायला तेही एक कारण होतंच. मग तिने ड्रायव्हरच्या सीटचा साचाच घेतला. प्लॅस्टिकच्या कागदावर प्लास्टर ओतलं आणि जुन्या सलवार-कमीजमध्ये त्यावर ते आवळेपर्यंत बसून राहिली. मी आणि दादाने तिला दोन्ही हातांना धरून ओढून काढलं, तेव्हा तिघांनाही हसू आवरेना. त्या साच्यावरून फायबरग्लासची सीट झाली, पेडलं तिच्या पायापर्यंत आली. दादाने एकदा बसून बघितलं तर गुडघे स्टिअरिंगला अडकले आणि पाठ कुठेच टेकेना. "एकाची कवळी दुसऱ्याला बसते का?" वहिनीने विचारलं. बाजूची सीट तिने दादाच्या मापाने केली होती, ऐसपैस.

गाडी तपासणीत पहिल्याच फटक्यात पास झाली. मालकीणबाई नापास झाल्या. परत नापास झाल्या. परीक्षक म्हणे, "मॅडम, फुटपाथवरच्या माणसासाठी कशाला थांबता?" दादाने या वेळी आकडा वाढवून सांगितला नाही. उलट तो रोज संध्याकाळी आपल्या गाडीतून तिच्या टेस्टच्या रस्त्यांवर चक्कर मारू लागला, कुठे लेन बदलायची, कुठे आरसा बघायचा, ते तिला बोलून दाखवत. मार्चमध्ये ती पास झाली. मला फोन आला तो दादाचा. "शैला पास," एवढंच म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी ते खोर फक्कानला निघाले. मी मागून माझ्या गाडीत, दादाच्याच हुकमावरून, सेफ्टी म्हणून. सकाळी निघायचं असं दादाने ठरवलं होतं. वहिनी जेवून, थोडी पडून, तीन वाजता निघाली. डोंगरातल्या बोगद्यांतून ती दातरंगी गाडी पुढे आणि मी मागे. दोघांची डोकी मला दिसत होती, एक ताठ आणि एक सारखं डावी-उजवीकडे वळणारं. समुद्रावर पोचलो. चटई अंथरली, डबा उघडला, कडक चहा झाला. उन्हं कलली. सवयीने दादाचा हात चपलेकडे गेला, आणि मग त्याने तो परत मांडीवर ठेवला. बंदराच्या क्रेनवर एकेक दिवा लागला, मग गावाचे लागले, मग पाण्यात दिसू लागले. वहिनी बराच वेळ बघत बसली... मग स्वतःच उठली, चटई झटकली आणि म्हणाली, "चला." माझी वहिनी त्या संध्याकाळी सुखी होती.

परतल्यावर तिने मला गाडीतलं बाजूच्या सीटपुढचं पायपुसणं उचलून दाखवलं. उजव्या पायाखाली त्याला भोक पडायला आलं होतं. वाटभर दादा नसलेला ब्रेक दाबत होता. दुसऱ्या आठवड्यात तिथे एक ब्रेक बसलेला होता. लॅबच्या उरल्यासुरल्या गुलाबी ॲक्रिलिकचा, दादाच्या बुटाच्या मापाने घडवलेला, कशालाच न जोडलेला. "शिकवणाऱ्यांच्या गाडीत असतो तसा," वहिनी म्हणाली. "दाबत राहा, पायपुसणं वाचेल." दादा भयंकर चिडला. हा अपमान आहे, मी या गाडीत पाय ठेवणार नाही, वगैरे. पण नंतरच्या शुक्रवारी ठेवला, आणि सवयीने त्याच ब्रेकवर ठेवला. त्यांच्या बऱ्याच चकरा झाल्या. कधी निघायचं ते वहिनी सांगायची.

परवा शुक्रवारी मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. अंगणातून इंजिनाचा आवाज येत होता. शेडमध्ये बघतो तर दादा गाडीत बसलेला, बाजूच्या सीटवर. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करावं लागतं, नाहीतर बॅटरी उतरते, त्याने मला सांगितलं. ड्रायव्हरच्या सीटवर तो बसूच शकत नाही. त्यामुळे बाजूला, म्हणजे इथल्या गाडीत उजवीकडे, बसून डावा हात लांब करून तो किल्ली फिरवतो. तिच्या सीटवर धूळ नव्हती. ती त्याने पुसली होती. मी म्हणालो, "दादा, कुणाला विकायची का गाडी? की मी सीट बदलून चालवू? खोर फक्कानला जाऊन येऊ."

"नको," तो म्हणाला. "मला हिच्या बाजूला बसायची सवय झालीय."

मी शेडच्या दाराशी उभा राहिलो. दादा समोरच्या पत्र्याच्या भिंतीकडे बघत बसला होता, आणि त्याचा उजवा पाय त्या गुलाबी ब्रेकवर घट्ट दाबलेला होता.